आपोआप न उठणारं मशीन

"उठते, उठते. घाई कायले करता?"

असं म्हणून ते उजवा हात आडवा धरायचे, रेल्वे फाटकावर गर्दी थोपवतात तसा. पडदा काळा, फोनवर फोन, मालक दारात येरझारा घालताहेत, आणि हा माणूस मात्र निवांत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

नेहरू नगरात आमचं छोटंसं ऑफिस आहे. जामुलच्या सिमेंट वाहणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशोब, पावर हाउस बाजारातल्या ठोक दुकानांची बिलं, असं सगळ्यांचं काम आमच्या सर्व्हरवर चालतं. खोलीत मोठे डबे तीनच, पण त्यांच्या पोटात ढीगभर मशिनं. व्हर्च्युअल म्हणतात त्यांना. मी नवीन होते तेव्हा मला काही केल्या समजेना. काका म्हणाले, "मानलेला भाऊ असते नं, तशी हे मानलेली मशिनं. खरी नाहीत, पण कामाले पक्की. एक डबा बसला का त्यातली मशिनं उठून बाजूच्या डब्यात जाऊन बसतात. त्याले क्लस्टर म्हणतात." झालं, एवढ्यात माझं शिक्षण संपलं.

ऑफिसात मराठी बोलणारी आम्ही दोघंच. माझे वडील रेल्वेत, नागपूरकडचे. काका भंडाऱ्याकडचे, त्यांचे वडील इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले म्हणून इकडे हिंदी मुलखात आलेले. बाकी सगळ्यांशी हिंदी. बायको वारल्यावर काकांच्या घरात मराठी बोलायला कोणी उरलंच नव्हतं. मुलगा पुण्यात. मग ते माझ्याशी बोलायचे नाहीतर मशिनांशी. "काहून रुसला रे बाबा?" असं एखाद्या सर्व्हरला विचारताना ऐकलं की पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

एकदा जामुलच्या एका शेठचं मशीन आम्ही नवीन करून त्याला जुनी डिस्क जोडली. ते उठेचना. पडद्यावर एकच ओळ, की इथे काही सापडत नाही. शेठ तर रडायलाच आले. "काका, मेरा तो सब चला गया!"

"कहीं नहीं गया, सेठजी," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पाह्य पोरी, सामान घरातच हाय. दार चुकलं. मशीन उठताना सगळ्यात आधी जे डोळे उघडते नं, ते फर्मवेअर. डिस्क जुन्या तऱ्हेची, अन् फर्मवेअर लावलं नव्या तऱ्हेचं. मंग कसं भेटन?" त्यांनी ती एक सेटिंग बदलली, हात आडवा धरला, आणि मशीन उठलं. शेठनी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काका दिवसभर खुशीत होते. कोणाचं तरी अडलं आणि आपण सोडवलं, यावर त्या माणसाचं पोट भरायचं.

मग ते रिटायर झाले. शाल, नारळ, समोसे, फोटो. मालकांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काका, ज़रूरत पड़ी तो बुलाएँगे." अशा वेळी सगळेच असं म्हणतात. तुम्हीही कुणाला तरी म्हटलं असेल. काकांनी ते खरं धरलं.

आणि गरज पडूही लागली! आमच्याकडे रविवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. बॅटरी दमली की डबे बंद होतात आणि लाईट आली की मशिनं एकेक करून आपोआप उठतात. पण आता एक मशीन उठेना. नेमकं तेच, जे सोमवारी सकाळी सगळ्यात आधी लागतं. रविवारची पाळी माझी. मी फोन करायची, आणि पहिली घंटी पुरी व्हायच्या आत काका उचलायचे. "नाही उठलं? आलो, आलो!" इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर हजर. दहा मिनिटं काम, तासभर चहा आणि गप्पा.

असं पुन्हा पुन्हा झालं. मालक म्हणाले, "देखो, काका के बिना नहीं चलता." काका नुसते हसले.

एका सोमवारी त्या मशीनची मेमरी वाढवायची होती म्हणून मी त्याच्या सेटिंग उघडल्या. बघते तर बूटच्या, म्हणजे मशीन उठण्याच्या, पानावर एक टिक केलेली. त्या टिकचा अर्थ असा, की पुढच्या वेळी उठताना सरळ कामाला लागू नको, फर्मवेअरच्या पानावर थांब आणि कोणीतरी येईपर्यंत वाट पाहा. ही टिक एकदा वापरली की आपोआप निघून जाते. म्हणजे कोणीतरी ती दर वेळी नव्याने लावत होतं. आणि आदल्या दिवशी त्या मशीनला हात लावलेला माणूस एकच होता.

आधी मला राग आला. चांगलाच आला. माझा रविवार काय फुकटचा होता? जाब विचारायचाच, असं ठरवून पुढच्या सुटीला मी त्यांच्या घरी गेले, जामुलच्या रस्त्याला.

दार उघडंच होतं. काका खुर्चीवर बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. बूट दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला. फोन खिडकीत, कारण घरात रेंज तिथेच यायची. मला पाहून ते ताडकन उठले. "काय झालं? बंद पडलं?"

"नाही काका. सगळं सुरू आहे. अशीच आले."

"अशीच?" त्यांचा चेहरा पडला. मग सावरून म्हणाले, "बस नं. चाय मांडतो." ओट्यावर एक कप होता. दुसरा त्यांनी वरच्या फळीवरून काढला, तो धुळीने माखलेला. तो ते कितीतरी वेळ धूत राहिले. मी जाब बिब काही विचारला नाही.

निघताना म्हटलं, "काका, कधी सहज येत जा ना ऑफिसात. चहा प्यायला."

"बिनकामाचा कसा येऊ?" ते म्हणाले. "लोक म्हणतीन, याले घरी करमत नाही."

त्यानंतर मी ती टिक कधीच काढली नाही. रविवारी फोन करत राहिले. घरची मंडळी कुरकुरायची, तुझंच मशीन कसं दर रविवारी मरतं म्हणून. मरू दे म्हटलं.

पुढे काकांना चक्कर येऊ लागली. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला, सामान बांधलं, घर बंद केलं. निघायच्या आधी काका एकदा ऑफिसात आले, न बोलावता, पहिल्यांदाच. त्या मशीनच्या सेटिंग उघडल्या आणि माझ्यासमोर ती टिक काढली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता नको हे. मी नसताना अडलं तर तुले तरास होईन."

"काका..."

"तुले माहीत होतं," ते म्हणाले. "मले समजत होतं का तुले माहीत हाय." आणि चष्मा पुसत बसले.

पुण्याहून रविवारी त्यांचा फोन यायला लागला. "लाईट गेली का तिकडं?" सुरुवातीला मी खरं सांगायची. गेली होती काका, पण सगळं उठलं. "बरं, बरं," म्हणून ते ठेवून द्यायचे. ते 'बरं' ऐकवायचं नाही.

मग एकदा मी पावर हाउसच्या बाजारात होते, हातात भाजीची पिशवी, आणि फोन आला. मी म्हटलं, "गेली होती काका. ते मशीन उठलंच नाही."

टिक त्यांनी स्वतः काढलेली. मशीन अडणं शक्यच नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बाजूला वांगीवाला ओरडत होता, तोही त्यांना ऐकू येत असणार.

"घाबरू नको," ते शेवटी म्हणाले. आवाज एकदम ताजा. "पडद्यावर काय दिसून राह्यलं, सांग."

मी वांग्यांच्या ढिगाकडे बघत सगळा पडदा सांगितला, ओळीओळीने. ते एकेक पायरी सांगत गेले आणि मी हो, हो म्हणत गेले. तेव्हापासून आमचा प्रत्येक रविवार असाच गेला.

परवा रविवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका गेले. झोपेतच. आदल्या रविवारीही माझ्याशी बोलले होते.

"आम्ही खूप म्हणायचो, बाबा, आता सोडा ते ऑफिस," तो म्हणाला. "ऐकायचेच नाहीत. म्हणायचे, त्या पोरीचं अडते माझ्याबिगर. खरंच एवढं काम असायचं का हो?"

"असायचं," मी म्हटलं.

"मग आता कसं करता?"

बाहेर लाईट आलेली होती आणि आतली सगळी मशिनं आपोआप उठून बसली होती.

"अडलंय," मी म्हटलं.