लालमहंमदची हाळी

पाथर्डीकडच्या एका गावात लालमहंमद पिंजारी गाद्या भरायचा, पण त्याचं नाव झालं ते गळ्यामुळे. कानिफनाथांच्या भंडाऱ्याला हाळी देऊन पंगती बसवायचा मान आजापासून त्याच्या घरी. पंगती जातवार, आणि हाळ्याही ठरलेल्या. "यावं देवा" म्हटलं की भटजी मंडळी उठायची, "यावं सरकार" म्हटलं की पाटलांची भावकी. उतरत उतरत हाळी शेवटी यायची ती "चला रे वेशीबाहेरचे, आटपा" वर. लालमहंमदही बिनदिक्कत म्हणायचा. अंगवळणी पडलं की माणसाला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, त्यातली गत.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं. भंडारा तोंडावर आलेला, आणि लालमहंमद वेशीबाहेर छबूबाईच्या दारात तिच्या लेकीच्या आंदणाची गादी भरत बसला होता. छबूबाईनं गुळाचा खडा आणि पाणी पुढं ठेवलं.

"भाऊ, औंदा भंडाऱ्याला माजे व्याही येनार हायेत," ती म्हणाली. "त्यांच्या म्होरं आमाला 'चला रे' म्हनू नका."

एवढंच. पण लालमहंमदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणणार नाही, असा शब्द देऊन तो घरी आला आणि कापूस पिंजता पिंजता नवी हाळी घोकू लागला. बायको मुबारकबीनं हसून विचारलं, की आधी कापूस पिंजता का जीभ?

गावात काय लपतं? श्रीमंत पाटलांनी त्याला चावडीवर बोलावून बजावलं, की हाळी आजाची आहे तशीच राहील, नाहीतर पुढच्या साली आम्ही दुसरा गळा बघू. त्या रात्री लालमहंमदला भाकर गोड लागली नाही. हाळी गेली तर त्याच्याजवळ कापसाशिवाय उरतं काय?

भंडाऱ्याच्या दिवशी लापशी-आमटीच्या पंगतींवर पंगती उठल्या. शेवटची उरली. पाटील समोरच मिशीला पीळ देत बसलेले. लालमहंमदनं पारावरून हाळी दिली, "यावं मंडळी, बसून घ्यावं!"

कोणी उठलंच नाही. लिंबाखाली ताटकळलेली वेशीबाहेरची सगळी माणसं मान वळवून मागं बघू लागली, की आता आणखी कोण बडे पाहुणे आले? एक म्हातारबाबा तर वाट द्यायला अंग चोरून बाजूला सरकले. छबूबाईचे व्याहीही इकडं तिकडं बघत होते.

पाटील खो खो हसले. लालमहंमदला वाटलं, शब्दही गेला आणि मानही गेला. पण आता माघार कसली? तो पारावरून उतरला, लिंबाखाली गेला आणि त्यानं हात जोडले.

"छबूबाई, तुमालाच म्हनतोय."

छबूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिचे डोळे भरले होते, पण ओठांवर हसू होतं.

"मला कळलं हुतं, भाऊ," ती हळूच म्हणाली. "पर पुन्ना एकदा म्हना. व्याह्यांचं ध्यान न्हवतं."

लालमहंमद पारावर चढला. पाटलांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. छाती भरून अशी हाळी दिली, की पाटलांच्या भावकीलाही तशी कधी मिळाली नव्हती. छबूबाई व्याह्यांना पुढं घालून, मुळीच घाई न करता, पंगतीला येऊन बसली.