बाबांचा गुडघा आणि निर्गुडीचा पाला

त्या वर्षी निर्गुडी वाटून वाटून माझे हात हिरवे झाले होते आणि डोकं रोज तापलेलं असायचं. मी कळव्याला माहेरी आले होते. दिवाळी तोंडावर आली होती आणि बाबांचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

बाबा मिठागरात काम करायचे. पावसाळा सरला की तिथे वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, माणसं खांद्याला खांदा लावून ओळीने तुडवत जातात. त्या ओळीत पहिला पाय बाबांचा पडायचा. यंदा गुडघ्याची सूज उतरली नाही तर तो मान धाकट्या काकाकडे जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाण्याच्या वैद्यबुवांनी मला नीट बजावलं होतं: पाला वाटून कोमट करायचा, पायावरच्या केसांच्या उलट दिशेने जाडसर लावायचा आणि सुकायच्या आत काढायचा. ओला असेतो औषध कातडीतून आत जातं, सुकला की तोच लेप कातडी ओढून धरतो.

मी लेप लावायची. थोड्या वेळाने काढायला जावं तर बाबा माझा हात झटकायचे.

“ऱ्हाऊ दे गो. पानी सुकल्याबिगर मीठ कवा झालंय?”

“मीठ नाय बाबा, पाला हाय!”

“तुला काय कलतंय? सुकला का मंग गुन येतो.”

जन्मभर उन्हात पाणी सुकवून ज्याने पोट भरलं, त्याला हे समजवायचं तरी कसं? मी पाणी शिंपडून लेप भिजवला की ते उठून उन्हात पाय पसरून बसायचे. आई म्हणायची, “नाद सोड गो त्यांचा.” पण पाला कोण वाटत होतं? मी!

आठ दिवसांनी सूज तशीच होती, वर कातडीला चिरा पडल्या होत्या. तरी बाबा तुडवणीला गेलेच. चिखल गुडघ्यापर्यंत उडाला, खारं पाणी चिरांत झोंबलं आणि पाचव्या पावलाला ते ओळीतून बाहेर पडले. काका थांबला. बाबांनीच त्याला हाताने खूण केली, पुढे हो.

घरी येऊन त्यांनी पाय माझ्यापुढे केला.

“लाव. तू सांगशील तवा काढू.”

आठ दिवस आधी हे बोलला असतास तर! शब्द अगदी ओठांवर आले होते. मी रागारागाने लेप थापू लागले. मिठागरातून तुडवणाऱ्यांच्या ठेक्यातल्या हाका येत होत्या आणि बसल्या जागी बाबांचे पाय त्या ठेक्यावर हलत होते.

“पाय हालवू नको,” मी खेकसले.

त्यांनी लगेच ऐकलं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.