काकू, तुम्ही गाडीतच बसा

आयर्लंडच्या सहलीतली दोन ठिकाणं मी पाहिलेली नाहीत. गाडी दोन्हीकडे गेली, मी गाडीत होते, पण मला खाली उतरू दिलं नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं म्हणतात. मला हसू येत नाही. वर्ष होत आलं तरी येत नाही.

मी कुवेतला मुलाकडे राहते, रिग्गईत. मुलगा बँकेत आहे, सून एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि एक लहान नात आहे. माझे यजमान गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. त्याआधी मी वेल्हे तालुक्यात आरोग्यसेविका होते. सगळी नोकरी डोंगरातल्या वाड्या पायी तुडवण्यात गेली. खांद्याला लशींचा डबा, हातात काठी, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल तर ते उतरेपर्यंत थांबायचं, मग पलीकडे जायचं. माझे गुडघे आजही दुखत नाहीत. बीपीची एक गोळी घेते, तेवढंच.

सहलीच्या आधीच्या हिवाळ्यात एक छोटीशी गोष्ट घडली होती. आमच्या बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे वॉचमनने, खालची फरशी धुतली होती. मी घसरून बसले. मनगट सुजलं, चार दिवसांत उतरलं. पण मुलाने धसका घेतला. खाली जायचं तर मला फोन करून जा. रस्ता ओलांडू नकोस. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, काही हवं असेल तर फोन कर, तो माणूस वर आणून देईल. संध्याकाळी सून मला मॉलमध्ये न्यायची, तिथे एसीत आम्ही गोल गोल चालायचो आणि परत यायचो. पायाखाली माती म्हणून येत नव्हती.

म्हणून आयर्लंडची गोष्ट निघाली तेव्हा मी हरखून गेले. कुवेतमधल्या भारतीय कुटुंबांना शाळेच्या सुट्टीत घेऊन जाणारी एक टूर होती. तिकडे मोठी बस, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, जेवण आपलं. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती. मुलगा आधी तयार होत नव्हता, पण सून म्हणाली की आईंना जाऊ दे, सगळा ग्रुप आहे. मग तोही राजी झाला. मी त्या दिवसापासून यूट्यूबवर आयर्लंड बघायला लागले. हिरवे डोंगर, दगडी भिंती, जुने मठ. मला ते डोंगर ओळखीचे वाटले. निघताना नवे बूट घेतले, चांगले जाड तळव्याचे.

डब्लिनला सगळं ठीक झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही ग्लेंडालॉकला गेलो. दरीत वसलेला फार जुना मठ आहे तो, एक उंच गोल मनोरा, त्याच्याभोवती दफनभूमी, पुढे दोन तळी. गाडी थांबली, सगळे जॅकेट चढवू लागले, मीही बूट आवळले. टूर मॅनेजर माझ्या सीटपाशी आला. तिशीचा असेल, चुणचुणीत, नागपूरकडचा. वाट ओली आहे, चढउतार आहे, तेव्हा काकू, तुम्ही गाडीतच बसा, असं म्हणाला. मला वाटलं, सगळ्याच वयस्कर लोकांना तो हे सांगतो आहे. वाट खरंच घसरडी असेल. बसले.

काचेतून मला पार्किंग दिसत होतं, एक कचऱ्याचा डबा आणि कुंपणापलीकडे दोन मेंढ्या. बाकी सगळे परत आले, गालांना गार वारा लागून लाल झालेले, आणि एकमेकांना फोटो दाखवायला लागले. त्यांच्यात एक गृहस्थ होते, माझ्याहून मोठे, पोट सुटलेलं, गाडीची पायरी चढतानाच धापा टाकणारे. ते तळ्यापर्यंत जाऊन आले होते. त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅशेल. सपाट मुलखात एकच मोठा खडक आणि त्यावर जुन्या राजांचे वाडे, चर्च, पडक्या कमानी. खालून बघूनच माझं मन वर जाऊन पोचलं. मी उतरायला उठले तर हा पुन्हा समोर. मी म्हटलं, मी येते, मला चालता येतं. तो हसून म्हणाला की चढ तीव्र आहे आणि जबाबदारी माझी आहे. आमचा ड्रायव्हर तिथलाच होता, म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा, तोच गाइडही. त्याने मला इंग्रजीत विचारलं, बरं वाटत नाही का? माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण एवढं मला कळतं आणि त्याचं उत्तरही देता येतं. मी तोंड उघडायच्या आत मॅनेजरने सांगून टाकलं की त्या दमल्यात, त्यांना बसू दे. मी त्याच्या पुढ्यात उभी होते. बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं आणि मी तिथे नसल्यासारखं चाललं होतं. त्या क्षणी मला जो राग आला तो अजून तसाच्या तसा आठवतो. माझे कान तापले.

पण मी भांडले नाही. परमुलुख, सगळा ग्रुप खोळंबलेला, लोक बघतात. परत आपल्या सीटवर जाऊन बसले.

माझ्या शेजारच्या सीटवर कुवेतमधल्याच, खैतान भागातल्या एक बाई होत्या. मूळच्या दापोलीकडच्या, पन्नाशीच्या, त्यांच्या नवऱ्याचं अत्तराचं दुकान आहे. ग्रुपमध्ये सगळे त्यांना भाभी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. वरून परत आल्यावर त्यांनी विचारलं, “मावशी, तुम्ही का नाही येत कुठे?” मी सांगितलं की येऊ देत नाहीत. रात्री जेवताना भाभी मॅनेजरकडे एकदा टक लावून बघत होत्या ते मी पाहिलं.

पुढचा मोठा दिवस होता मोहरच्या कड्यांचा. त्या कड्यांचे व्हिडिओ मी घरी इतक्यांदा पाहिले होते की नातीने मला विचारलं होतं, आजी, हे परत? समुद्रातून सरळ भिंतीसारखे वर उठलेले काळे कडे. गाडी थांबली. मी सगळ्यांच्या आधी उठून दारात गेले. मॅनेजर खाली पायरीशी उभा होता, त्याने दोन्ही हात दाराला लावले.

तो म्हणाला, “काकू, ऐका ना. वर वारा फार आहे.”

मी म्हटलं, “हात काढ.”

इतके दिवस मी त्याला अहो-जाहो करत होते. त्याचा चेहरा पडला. हात जोडून तो म्हणाला, “काकू, माझ्यावर चिडू नका. तुमच्या मुलानेच मला सांगितलंय. आईला चढावर नेऊ नका, हट्ट केला तरी नेऊ नका, असं. त्यांनी रोज मेसेज करून विचारलंय. मी काय करू?”

मी तिथेच पायरीवर थांबले. माझ्या मागे लोक उतरायला ताटकळले होते. हे मला सुचलंच नव्हतं. मी तीन दिवस या पोरावर राग धरून बसले होते, आणि करणारा माझ्या घरातला होता. मला विमानात बसवताना त्याने पाया पडून सांगितलं होतं, आई, मस्त मजा कर.

मी खाली उतरले, बाजूला गेले आणि मुलाला फोन लावला. कुवेतला दुपार होती, तो ऑफिसात होता. आधी तो गडबडला, मग म्हणाला की हो, मी सांगितलं होतं. मग त्याचा आवाज चढला. तुला तिथे काही झालं तर मी इथून काय करणार, व्हिसा तरी लगेच मिळेल का मला, तू विचार केलास का? मी त्याला बोलू दिलं. वाऱ्याने निम्मं ऐकू येत नव्हतं.

मग मी म्हटलं, “तू मला विचारलं का नाहीस?”

तो म्हणाला, “विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस का?”

“नसतं ऐकलं. म्हणूनच विचारायचं असतं.”

आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा फोन मधेच ठेवला असेन.

वळले तर भाभी उभ्या होत्या. चला मावशी, मी आहे सोबत, म्हणाल्या. माझं डोकं इतकं तापलेलं की मी त्यांच्यावरही खेकसले, मला कुणाची सोबत नको. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला नको हो. मला हवी. मला उंचीची भीती वाटते, आणि आमचे हे फोटो काढत पुढे गेले.”

मग आम्ही दोघी निघालो. पायऱ्या रुंद होत्या, दगडी, रेलिंग लावलेल्या. वेल्ह्याच्या कुठल्याही वाडीची वाट याच्यापेक्षा अवघड. भाभींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. मी त्यांना सांगत होते, खाली बघू नका, माझ्या बुटांकडे बघा. असं करत आम्ही वरच्या बुरुजापर्यंत पोचलो. तिथे मी त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं आणि कठड्यापाशी गेले. खाली समुद्र पांढरा होऊन कड्यावर फुटत होता आणि त्याचा आवाज इतक्या वर येईपर्यंत उगाच गुरगुरल्यासारखा येत होता. पक्षी आमच्या पायांखालून उडत होते. मी खूप वेळ उभी राहिले. रडू आलं, ते वाऱ्याने की रागाने ते सांगता येणार नाही.

परत यायला आम्हाला थोडा उशीर झाला. गाडीत चढताच ते पोट सुटलेले गृहस्थ मोठ्याने म्हणाले की आजींमुळे आता चहाला वेळ मिळणार नाही. आदल्या दिवशी त्यांच्या बायको-मुलींनी आउटलेटमध्ये बॅगा घेतल्या तेव्हा सगळी गाडी ताटकळली होती. मी त्यांच्या सीटपाशी थांबले आणि म्हटलं, “काल तुमच्या घरच्यांसाठी मी बसले होते. दोन दिवस तर मी गाडीतच बसले होते. आज तुम्ही बसलात.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. मॅनेजर माइक घेऊन अंताक्षरी सुरू करू या म्हणाला.

तो तर आणखी एक प्रकार होता. ड्रायव्हर काही सांगायला लागला की दोन वाक्यांत लोक कंटाळायचे आणि मॅनेजर गाणी सुरू करायचा. त्या दुपारी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने चाललो होतो, दोन्हीकडे उघडे राखाडी दगड, आणि टेकडीवर सरळ चढत जाणाऱ्या दगडी भिंती, ज्यांच्या आत ना शेत ना घर. ड्रायव्हर सांगत होता की बटाट्याचं पीक गेलं तेव्हा उपाशी लोकांना काम द्यायचं म्हणून या भिंती बांधून घेतल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी गाणं धरलं. मी उठून म्हटलं, त्यांना बोलू द्या. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होते, जामखेडकडे, आईबरोबर खडी फोडायला जायचे. हातोडीने हाताला फोड यायचे, आई त्यावर चिंधी बांधायची. मला त्या भिंतींबद्दल ऐकायचं होतं. गाणं थांबलं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे हळू, सोप्या इंग्रजीत सांगत गेला. पुढच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. मी एकटीच उतरले आणि एका भिंतीवर हात ठेवून आले. 

कुवेतला परतले तेव्हा विमानतळावर मुलगा माझ्या पाया पडला, बॅग घेतली, गाडीत कडे कसे होते ते विचारलं. ग्लेंडालॉक आणि कॅशेलचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. घरात काही दिवस आम्ही जेवायला ये, चहा घे एवढंच बोललो. सून एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “आई, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्याला करू दिलं नसतं.” तिच्यावर माझा विश्वास आहे.

मग गणपतीत खैतानला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला, आणि मुलाने टीव्हीवर माझे आयर्लंडचे फोटो लावले. सगळ्यांना सांगायला लागला की आम्ही आईला आयर्लंडला पाठवलं, आईने सगळं पाहिलं, या वयात. बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या, नशीबवान हो तुम्ही म्हणत होत्या. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, सगळं नाही पाहिलं. दोन ठिकाणी मला खाली उतरू दिलं नाही, आणि तसं याने सांगून ठेवलं होतं.  यजमानीण बाईंनी घाईघाईने मोदक पुढे केले.

परतीच्या वाटेत मुलगा म्हणाला, सगळ्यांसमोर बोलायची गरज होती का? मी म्हटलं, सगळ्यांसमोर तूच सांगत होतास. त्याने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, “बाबा गेले तेव्हाही मी इथे होतो, आई. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मला भीती वाटते.”

हे त्याने आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, “वाटते तर मला सांग. मी ऐकेन. माझ्यामागे दुसऱ्याला सांगून माझे पाय बांधू नकोस.” तो हो म्हणाला.

आता मी संध्याकाळी एकटी खाली उतरते. रस्ता ओलांडते, पलीकडच्या बागेत चार फेऱ्या मारते. कधी कधी भाभी टॅक्सीने येतात, मग दोघी चालतो. मुलगा काही म्हणत नाही, पण मी परतते तेव्हा खिडकीत असतो. मध्यंतरी त्या टूर मॅनेजरचा फोन आला होता. ज्येष्ठांसाठी खास टूर काढली आहे म्हणाला, चढउतार काहीच नाही, सगळं गाडीतून दिसतं. मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

मुलगा म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात रजा काढतो, आपण दोघं ती दोन ठिकाणं बघून येऊ. तेवढ्याने भरपाई झाली असं त्याला वाटतं. मी अजून हो म्हटलेलं नाही.