कोहळ्याची पहिली चीर

"आई, बाबाले कोहळ्याची प्युरी करून दे," लेक फोनवर म्हणाली. ती नागपूरला असते आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ असतो. प्युरी म्हणे! कोहळं शिजवून घोटलं की आम्ही त्याला गरगट म्हणतो, आणि त्यासाठी व्हिडिओ लागत नाही. पण मी वाद घातला नाही. यांच्या नाकात नळी घालायची पाळी आली होती.

यंदा पोळा झाला आणि यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पातळ देऊ नका, ठसका लागेल. भाताचं शीत देऊ नका, अडकेल. दाटसर, मऊसूत, एकही गुठळी नसलेलं द्या. तोंडानं पोटात जात नसेल तर पुढच्या खेपेला नळी घालू. मी वरण-भात घोटून द्यायची. हे दोन घास घेत आणि ओठ मिटत. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. धानाचं पोतं एकट्यानं उचलून गाडीत टाकणारा माणूस, आणि मी त्याला कुशीवर वळवत होते. मला फार भीती वाटायची.

पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमचं कोहळं. हे त्याच्यावर जीव टाकत. वेल यांनीच लावलेला, कोठ्याच्या टिनावर चढलेला. गुरं खाली, कोहळी वर. लेकीचं म्हणणं मला पटलं, पण अडचण वेगळीच होती.

आमच्याकडे बाईमाणूस अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी लावत नाही. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, आईनं त्याच्यावर शस्त्र कसं चालवावं, असं म्हणतात. घरच्या पुरुषानं एक चीर द्यायची, मग बाईनं खुशाल तुकडे करावे. एका चिरेनंतर तो लेक कसा राहत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला ती रीत सोयीची होती. कामाच्या दिवसांत यांना घरी बोलवायला दुसरं निमित्त कुठलं? मी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून हाक मारायची, "या न जी, चीर द्याले!" हे मुद्दाम उशीर करत. मग येऊन कोहळ्यावर टिचकी मारत, त्याला कान लावत आणि मला सांगत, "हा म्हणून राह्यला, माय लय भांडखोर आहे, मी नाई जात तिच्या चुलीवरच्या गंजात." मी चिडायची. हे हसत हसत चीर देत. ते हसणं एकदा ऐकायला मिळालं तर मी धानाची अख्खी बांधी देऊन टाकीन.

तर त्या दिवशी मी टिनाच्या कडेचं, हाताला येणारं एक कोहळं उतरवून यांच्या खाटेपाशी ठेवलं आणि बघत बसले. तेवढ्यात शेजारचे भाऊ यांना भेटायला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोहळ्याकडे पाहिलं.

"आणा न वहिनी, मी देतो चीर. कायले बसल्या अशा?"

चांगला माणूस, अडीअडचणीला धावणारा. सुरी घेऊन त्यांनी कचकन दोन फाकी केल्या. आतला गर असा केशरी की मी हरखलेच.

मग काय, पदर खोचला. बिया आणि रेषा बोटांनी खरवडून काढल्या. सालीसकट मोठे तुकडे कुकरच्या डब्यात ठेवले, डब्यात पाण्याचा थेंबही न घालता, कारण कोहळं स्वतःच पाणी सोडतं. शिजल्यावर साल आपोआप सुटली. गर चाळणीत निथळत ठेवला. मिक्सर काढला तर लाईन गेलेली, नेहमीचंच! मग पुरणयंत्रातून काढला आणि वर पातळ कापडातून गाळला. तुपाची धार सोडली. बोटावर घेऊन पाहिलं, लोण्यासारखं लागत होतं.

चमचा यांच्या ओठांना लावला. यांनी तोंड उघडलं नाही. मी गोंजारलं, रागावले, देवाची शपथ घातली. यांनी मान भिंतीकडे वळवली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आधी निदान दोन घास तरी जात होते. माझं टाळकं सरकलं.

"काऊन असे करून राह्यले जी? मरायचंच ठरवलं का? तुमच्याच वेलाचं कोहळं आहे नं!"

उरलेली फाक स्टुलावर झाकून ठेवली होती. यांनी डावा हात सरकवत सरकवत तिथपर्यंत नेला आणि फाक ढकलून दिली. ती धप्पकन जमिनीवर पडली. मग माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरचा पुरुष डोळे उघडे ठेवून खाटेवर पडलेला, आणि त्याच्यासमोर दुसऱ्यानं कोहळ्याला चीर दिलेली. अशी चीर शेजारी देतो ती कोणाच्या घरी? ज्या घरात पुरुष उरला नाही, त्या घरी. मी भाऊंना नाही म्हटलं नव्हतं, आणि यांनी त्याचा तोच अर्थ घेतला.

मी तशीच उठले. शिडी लावली, टिनावर चढले. या वयात! पडले असते तर दोघांना कोणी बघितलं असतं? दुसरं कोहळं कुशीत धरून उतरले, यांना उशांवर टेकवून बसवलं, कोहळं मांडीवर ठेवलं आणि डाव्या हातात सुरी दिली.

"द्या चीर. तुमच्याबिना मी नाई कापत."

सुरी सालीवरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. कपाळावर घाम आला. यांच्या हातावर माझा हात ठेवून दाबावं असं इतकं वाटत होतं की मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. शेवटी टोक रुतलं. नखाएवढी खाच पडली आणि तिच्यातून रसाचा एक थेंब वर आला.

"झालं!" मी ओरडलेच. "झाली चीर!"

त्या सांजेला यांनी पहिल्या चमच्यालाच तोंड उघडलं. घास गिळला, ठसका लागला नाही. लेकीला फोन केला तर ती तिकडे रडायला लागली. "आई, आता नळी नाई लागत," ती म्हणाली. मीही रडले. सुटले, असं वाटलं.

पण फोन ठेवून मी पुन्हा वाटी घेतली तेव्हा माझ्या मनात भलतंच होतं. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या हातचं एकही जेवण नाव न ठेवता खाल्लं नाही. तिखट लय झालं, फोडणी करपली, मीठ कुठी आहे? त्या दिवशी मी गरगटात मीठ टाकलंच नव्हतं. मुद्दाम. हे अळणी घासामागून घास गिळत होते, शांतपणे, लहान लेकरासारखे.

"म्हणा न जी," मी म्हटलं, "मीठ नाई म्हणून. एकदा तरी म्हणा."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी वाटी खाली ठेवून कान यांच्या ओठांजवळ नेला.

यांना पुढचा घास हवा होता.