देवीचा उजवा हात

बंगळूरच्या कंपनीला रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणालाही काही कळवायचं नाही, असं आईने बजावलं होतं. म्हणून रविवारी सकाळी आई, बाबा आणि मी गावच्या डोंगरावर देवीच्या पायऱ्या चढत होतो. मला ती नोकरी फार हवी होती. पण घरात कुणी विचारलं की मी नुसतं "बघू" म्हणायचे.

बाबा प्रत्येक वळणावर थांबत आणि कुणी न विचारता सांगत, "दम नाही लागलेला. समुद्र बघतोय."

वर गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"ह्या तुझ्या लेकराला बंगळूरास नोकरी लागलीय म्हाराजा."

"होय महाराजा," आई-बाबा एका सुरात म्हणाले. देवीला महाराजा का म्हणतात, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो. अजून विचारलेला नाही.

"थंय ती... काय करणार गो तू?"

"डेटा अ‍ॅनालिसिस," मी पुटपुटले.

"थंय ती कंप्युटरात काय ता करणार म्हाराजा."

"होय महाराजा."

गुरवकाका थांबले. "पोरीचा होय देवीला ऐकू नाय गेला."

मी पुन्हा म्हणाले. तेही माझ्या ओढणीपलीकडे गेलं नसावं, पण त्यांनी चालवून घेतलं.

उजव्या-डाव्यात माझा कायम घोळ होतो. शाळेत सगळं लेफ्ट-राइट शिकले, त्यामुळे घरी कुणी 'उजवं' म्हटलं की मी आधी लिहायचा हात हलवून बघते. त्या दिवशीही हळूच बोटं हलवली, दोनदा खात्री केली. तेवढ्यात पाकळी पडली. डावीकडची.

आईने डोळे पुसले. मी जात नाही म्हणून तिला भरून आलं असणार, असं मला वाटलं. बाबा प्रसादाच्या नारळातलं खोबरं खात होते. मी देवळामागे गेले आणि कंपनीला चार ओळींचा नम्र नकार लिहून पाठवला. डोंगरावर रेंज नसते, त्यामुळे तो आउटबॉक्समध्येच अडकला. खाली उतरल्यावर आपोआप जाईल, असा विचार करून मी पायऱ्या उतरू लागले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर आईने हात धरला. "एवढं रडू येतंय तर नको जाऊस. देवी काय जबरदस्ती करत नाही."

"नकोच म्हणाली ना ती."

"कोण म्हणालं? उजवा कौल दिला की."

"डावीकडची पाकळी पडली, आई. मी बघितली."

"अगं, तुझ्या डावीकडची. देवी आपल्याकडे तोंड करून बसलीय. तिचा उजवा हात तुझ्या डावीकडेच येणार ना?"

बाबा मागून म्हणाले, "इतकी वर्षं कौल बघतेयस आणि—"

पुढचं मी ऐकलं नाही. खालच्या वळणापाशी रेंज सुरू होते हे मला माहीत होतं, आणि हातातल्या फोनवर रेंजची एक काडी आत्ताच उगवली होती. मी वळले आणि धावत परत वर सुटले.

"अगो, कुठे चाललीस?" आईचा आवाज मागे राहिला. चढताना ती काडी गेली, पण मी थांबले नाही. फोन बंद करावा हे तेव्हा सुचलं असतं तर दोनशे पायऱ्या वाचल्या असत्या.

देवीसमोर धापा टाकत आउटबॉक्स उघडला. मेल तिथेच होता. मी तो पुसला, मग रिकामा आउटबॉक्स आणखी तीनदा उघडून बघितला.

गुरवकाका निर्माल्य गोळा करत होते. "काय गो, परत आलीस? काय मागायचा ऱ्हायला काय?"

मला खूप काही सांगायचं होतं. तोंडातून फक्त "होय महाराजा" निघालं, तेही इतक्या मोठ्याने की खालून दमत वर येणाऱ्या बाबांनाही ऐकू गेलं.

आता बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की आमची मुलगी देवीचे आभार मानायला एका दिवसात दोनदा डोंगर चढली. मी बंगळूरहून फोनवर ऐकते आणि "बघू" म्हणते.