गवंड्याने उतरवलेला गिलावा

चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोपडे धरले आणि म्हाताऱ्या गवंड्याला बोलावणं आलं. त्याला जायचं नव्हतं. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे. बायको म्हणाली, "नाही म्हणून सांगा की एकदाचं." पण थापी पिशवीत टाकून तो निघालाच.

चर्च दोनशे वर्षांचं. मूर्ती नाही, चित्र नाही, नक्षीकाम नाही. बांधणाऱ्यांना बघण्यापेक्षा उपदेश ऐकणं मोलाचं वाटे. म्हणून उपदेशाचं व्यासपीठ लांब भिंतीच्या मधोमध आणि तीन बाजूंनी बाकं. खिडक्या उंच, साध्या काचेच्या, म्हणजे ज्याचं पुस्तक त्याला नीट वाचता यावं. माणसं वाढली तेव्हा मागे लाकडी माळा चढला. घंटेचा मनोरा तर गवंड्याच्या आजोबांच्या हातचा.

शहरातून आलेल्या वास्तुतज्ज्ञ बाईंनी भिंतीवर टकटक केली. आवाज पोकळ आला.

"दगड चुन्यात बसवलेत," त्या म्हणाल्या. "असली भिंत ओल घेते तशी सोडतेही. वरून सिमेंट थापल्यामुळे ओल आत कोंडली आणि दगडाचा भुगा व्हायला लागला. कुठल्या शहाण्याचं काम हे?"

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, छताकडे बघू लागले.

"माझं," गवंडी म्हणाला.

तीस वर्षांपूर्वी त्याने हा गिलावा केला, तेव्हा साऱ्या गावाने पाठ थोपटली होती. फक्त त्याचा बाप, तोही गवंडीच, बघायला आला नव्हता. अंथरुणावरूनच त्याने विचारलं होतं, "चुना मळायचा कंटाळा आला का रे तुला?" तेव्हा त्याला राग आला होता. पण खरं तेच होतं. चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, मळायचा. सिमेंट तासाभरात तयार.

"मीच काढतो," तो बाईंना म्हणाला.

यंत्र लावलं तर दगड फुटले असते, म्हणून छिन्नी आणि हातोडी. अडीच महिने तो आपलंच काम उकरत राहिला. संध्याकाळी मनगटं सुजून यायची. बायको तेल चोळताना पुटपुटायची, "तेव्हा एवढं पक्कं कशाला केलंत?" त्यावर मात्र तो हसायचा.

एके दिवशी सिमेंटखाली बुजवलेल्या दाराची चौकट निघाली. बायकांनी वेगळ्या दाराने यायचं, वेगळं बसायचं, त्या काळातलं दार. पुढे घरची माणसं एकत्र बसू लागली आणि ते बंद झालं. बाई हरखून फोटो काढत सुटल्या. गवंड्याने कपाळाला हात लावला. चौकटीच्या बारीक दगडांतून सिमेंट काढायचं म्हणजे आणखी आठ दिवस.

अखेर भिंत उघडी पडली. नवा चुना लावण्याआधी तिला दोन उन्हाळे वाळू द्यायचं ठरलं. रविवारी लोक आले. काहींनी नाकं मुरडली, "हे काय नागडं करून ठेवलंय!" पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर त्याचे आभार मानायचे होते, त्याने हात जोडून नको म्हटलं.

"चुना भिजत घालून ठेवतो," उपासना सुरू व्हायच्या आधी तो त्यांना म्हणाला. "लावायला मात्र दुसरं कुणी बघा. मी आता दमलो."

मग तो शेवटच्या बाकावर बायकोशेजारी जाऊन बसला आणि पहिल्या गीतालाच त्याचा डोळा लागला. बायकोने त्याला उठवलं नाही.