गोल बटणाचा स्टिरिओ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. गावाकडे कुणाच्या अंगात आलं की मी भाकऱ्या थापायला उठून जायचे. मंडळाच्या अंकात तुम्ही लोक जे अनुभव लिहिता – जिन्यातली पावलं, आरशातली बाई – ते वाचून मी म्हणायचे, यांना पित्त झालंय. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. शाळा माझी चौथीपर्यंत. चुका सांभाळून घ्या... नाहीतर नका घेऊ.

इथे इंग्लंडात, स्लाऊमध्ये, पंचेचाळीस वर्षं झाली मला. ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्यात पॅकिंगला होते, आमचे हे तिथेच मशीन दुरुस्तीला. रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात, हे चिखलाला लागले. जुनी हिरवी फोर-बाय-फोर घेतली आणि दर रविवारी चार-पाच इंग्रज म्हाताऱ्यांबरोबर रानातल्या वाटा, ओढे, चढ पालथे घालायचे. मी डाव्या सीटवर. मांडीवर चहाचा फ्लास्क आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. घरी एकटी बसून करणार काय?

गाडीत कॅसेटचा जुना स्टिरिओ होता. कायम चालू. हे मुळात कमी बोलणारे, गाडीत तर रेडिओच बोलायचा. फक्त दोन वेळा हे त्याचं गोल बटण फिरवून आवाज बंद करायचे. एक, पाण्यात उतरायच्या आधी. पाण्यात इंजिन कसं वाजतंय, चाक कुठे घासतंय, ते कानांनी ऐकायचं असतं म्हणे. आणि दुसरं, मला काही सांगायचं असलं तर. मुलगा पिनरला वेगळं घर घेतोय, यांना स्वतःला डॉक्टरने मोठ्या तपासणीला बोलावलंय – सगळं मला असंच कळलं. आवाज उतरायला लागला की मी आधी समोर बघायचे. पाणी दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर म्हणायचे, "बोला."

दोन वर्षांपूर्वी यांना स्ट्रोक आला. वाचा गेली, उजवा हात गेला. सहा आठवडे हॉस्पिटलात होते. मला बघितलं की रोज डाव्या हाताची बोटं हवेत फिरवायचे. काहीतरी सांगायचं होतं. नर्स म्हणाली, नळ दाखवतायत, पाणी हवंय. मी म्हटलं, तुला काय कळतंय, यांना रेडिओ हवाय. दुसऱ्या दिवशी छोटा रेडिओ नेला आणि उशाशी लावला. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ऐकू येत नसेल म्हणून मी आणखी मोठा केला. सहा आठवडे तो वाजत होता. मग हे गेले.

सांगायचं होतं ते राहिलं. मी रडत बसणाऱ्यातली नाही. पण दातात काही अडकलं की जीभ सारखी तिथेच जाते, तसं झालंय.

गाडी नातीने मागितली. मुग्धा, तेवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. पिनरला त्यांच्याकडे पार्किंगला जागा नाही, म्हणून गाडी माझ्याच दारात असते आणि ती रविवारी येऊन नेते. बॅटरी मेली होती. नवी घातली, तर जुना स्टिरिओ कोड मागायला लागला. चोरांसाठी तशी सोय असायची – करंट तुटला की चार आकडे द्यायचे, नाहीतर तो मुका. कोड यांच्या डोक्यात होता. डोकं गेलं, कोड गेला. म्हणून नवा स्टिरिओ.

स्लाऊमध्येच हरजीतचं दुकान आहे. मुग्धाने भिंतीवरच्या टीव्हीएवढा एक दाखवला.

"आजी, तो मोठी वाला घेऊया ना. मॅप्स दिसतील, माझा फोन कनेक्ट होईल."

"आणि गाडी खड्ड्यात उडत असताना त्या काचेवर बोट कुठे ठेवशील? आवाज कमी करायला जाशील आणि फोन लागेल तुझ्या साहेबाला."

"ओ माय गॉड, आजी, व्हॉइस कंट्रोल असतो."

हरजीत हसला. "आंटी सही बोल रही हैं. ऑफ-रोड में नॉब चाहिए. ग्लव्ज पहन के भी घूमता है."

"आंटी मत बोल," मी म्हटलं. "तेरी दाढी मेरे बालों से सफेद है."

शेवटी माझंच चाललं. लहान खिडकीत आवाजाचा आकडा दिसणारा आणि गोल बटणाचा घेतला. मुग्धा दोन दिवस गाल फुगवून होती.

पहिला रविवार. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. रानातून एक ओढा रस्त्याला आडवा जातो, कडेला पाण्याची खोली दाखवणारा खांब आहे. मुग्धा चालवत होती, मी झाकणात चहा ओतत होते. आवाज अठरावर होता. ओढा दहा-बारा हातांवर आला आणि आवाज उतरायला लागला. मी खिडकीत बघितलं. सतरा... सोळा... पंधरा... घाई नाही, कुणीतरी बोटांनी फिरवतंय असा. शून्यावर थांबला.

"आजी, तू टच केलंस?"

"माझ्या एका हातात फ्लास्क, एका हातात झाकण. पायाने केलं का?"

मुग्धाने गाडी पाण्यातून काढली. पलीकडे गेल्यावर मी हात पुढे करून आवाज वाढवला. वाढला. येताना त्याच ओढ्यापाशी पुन्हा तेच.

हरजीतने वायरिंग उलगडून बघितलं, काही सापडलं नाही. तरी स्टिरिओ बदलून दिला. दुसरी कंपनी, पण मी म्हटलं म्हणून गोल बटणाचाच. पुढच्या रविवारी वेगळी वाट, वेगळा ओढा. वीसवरून शून्य. साधा खड्डा, चढ, दगड, कशालाही काही होत नाही. फक्त पाण्याच्या आधी. हरजीत म्हणतो, धक्क्याने वायर सुटत असेल. माझा मुलगा म्हणतो, सॉफ्टवेअर. असेल. पण वायरीला पाणी कुठून दिसतं?

मी झोपत नव्हते त्या दिवसांत. भीती नव्हती वाटत, चीड येत होती. दिवसभर नुसती उठत-बसत होते. भांडी घासलेली परत घासली. यांचे बूट बाहेर काढले, परत आत ठेवले.

मग तो शनिवार. दुपारी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये मुग्धा मला गाडीत ठेवून कोथिंबीर आणायला गेली. किल्ली लावलेली, इंजिन बंद, बातम्या चालू. आकडा बारा. कोरडी ठणठणीत जमीन, समोर ट्रॉल्यांची रांग. आणि आकडा उतरायला लागला. अकरा... दहा... नऊ...

मी सवयीने समोर बघितलं. पाणी नव्हतं.

तेव्हा माझं लक्ष त्या बटणाकडे गेलं. आवाज वाढवायचा तर ते उजवीकडे फिरतं, कमी करायचा तर डावीकडे. आणि मला यांची बोटं दिसली, हॉस्पिटलातली. सहा आठवडे समोर बसून बघितली होती मी. ती यांच्या डावीकडे फिरत होती. हा माणूस रेडिओ मागत नव्हता. रोज, मी आत आले की, रेडिओ बंद करत होता. आणि मी बयेने बाजारातून आणून उशाशी रेडिओ लावला... वर मोठा केला.

शून्य झालं होतं.

"बोला," मी म्हटलं.

काही नाही. कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मी पुन्हा म्हटलं, "बोला की, ऐकतेय मी." सीटकडे बघितलं नाही, यांना बोलताना तोंडाकडे बघितलेलं आवडायचं नाही. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. मग मुग्धाने दार उघडलं. "आजी, रेडिओ पुन्हा गेली? आता आपण टच स्क्रीनच घेऊया, प्लीज."

कोरड्या जागी ते पुन्हा कधी झालं नाही. मी वाट बघितली. दुपारी दारातल्या गाडीत जाऊन बसायचे, किल्ली लावून, बातम्या लावून. शेजारीण काचेवर टकटक करून विचारून गेली, आर यू ऑल राइट, लव्ह? म्हटलं, ऑल राइट. बॅटरी दोनदा उतरली. चार दुपारी, पाच दुपारी, आकडा बारा म्हणजे बाराच. रागच आला मला. सहा आठवडे तुम्हाला सांगायचं होतं, आता मी रिकामी बसलेय तर बोलत नाही.

गेल्या मंगळवारी मीच ते बटण धरलं. डावीकडे फिरवलं, शून्यापर्यंत. आणि समोर बघत म्हटलं, "ऐका. तो हॉस्पिटलातला रेडिओ मी चुकून आणला. मला कळलं नाही." एवढंच. उभ्या संसारात मी यांच्याकडे चूक कबूल केल्याचं हे एकच उदाहरण. मग आवाज पुन्हा बारावर नेला. तो तिथेच राहिला. मी घरात गेले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारची झोपले.

यांना काय सांगायचं होतं, ते मला कळलेलं नाही. आकडा कशाने उतरतो, तेही नाही. परवाच्या रविवारी ओढ्यापाशी पुन्हा उतरला. हरजीतने हात टेकलेत. तुमच्यापैकी कुणाला वायरिंगमधलं कळत असेल तर कळवा, मी वाचेन, मानेनच असं नाही.

काल मुग्धाचा फोन आला होता. हरजीतच्या दुकानात उभी होती. "आजी, लास्ट टाइम विचारते. कुठला घेऊ?"

म्हटलं, "कुठलाही घे. गोल बटण असलेला घे."